जुना मेल कॉपी करून नवा पाठवावा का?

प्रश्न : भाऊ, नमस्कार. समुद्रपूर तालुक्यात आमच्या बायांचा बचत गट आहे. वायगाव हळदीची पावडर आणि हळकुंडं आम्ही पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट कुरिअरनं पाठवतो. नवा माल आला, सण आला, की सगळ्यांना मेल जातो. तो बनवायचं काम माझ्याकडे आहे. मी मागचा मेल कॉपी करते आणि फोटो, मजकूर बदलते. यावेळी अर्ध्या किलोच्या पाकिटाखाली दिवाळीचा दर तसाच राहून गेला. काही गिऱ्हाइकांनी त्याच दरात माल मागितला आणि द्यावा लागला. सगळे बॅनर मी कॅनव्हात, म्हणजे चित्रं बनवायच्या ॲपमध्ये बनवते, मराठी अक्षरांसकट. ठरलेले भाग सेव्ह करून पुन्हा वापरता येतात म्हणे. ते कसं करायचं? आणि हे भाग शेजारच्या गावच्या गटाला देता येतील का?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : ताई, सेव्ह करता येतात, आणि तुमचा बराच वेळ वाचेल. पण दराचा घोळ त्यानं आपोआप थांबत नाही, हे आधी सांगतो. दरासकट भाग सेव्ह केला, तर दिवाळीचा दर गुढीपाडव्याच्या नव्या हळदीखालीही येऊन बसेल. पोळ्याला झूल तीच निघते, शिंगं मात्र दर साली नव्यानं रंगवावी लागतात. तशी मेलचीही वाटणी करून टाका.

वरची नावाची पट्टी, खालची पत्त्याची पट्टी, ‘मागणी नोंदवा’चं बटण आणि मालाचं कार्ड, म्हणजे फोटो, नाव आणि दराचा चौकोन, एवढं सेव्ह करा. दर, तारीख, ‘शिल्लक थोडी’, सणाच्या शुभेच्छा यातलं काहीच नको. कार्डात दराच्या जागी मी लाल अक्षरात ‘दर भरा’ असं लिहून ठेवतो. दिसायला वाईट दिसतं, आणि ते तसंच दिसलं पाहिजे. जुना आकडा डोळ्याला खटकत नाही, ‘दर भरा’ खटकतं. शिवाय चाचणीचा मेल गटातल्या अशा बाईला पाठवा जिनं तो बनवताना पाहिला नाही. हिशेब ठेवणारी असेल तर उत्तमच.

आता खरी गोम. सेव्ह केलेला भाग दोन प्रकारचा असतो, सुटा आणि जोडलेला. सुटा म्हणजे नक्कल. मेलमध्ये टाकला की त्याचा मूळ भागाशी संबंध संपला. मेलचिंप या मेल पाठवायच्या साधनात टेम्प्लेट, म्हणजे मेलचा साचा बदलला, तरी त्यावरून आधी बनवलेले मेल बदलत नाहीत, ते याच जातीचं. जोडलेला भाग एका जागी बदलला की जिथे जिथे वापरला तिथे बदलतो. क्लावियो या दुसऱ्या साधनात अशी सोय आहे. तुमच्या साधनात कोणता आहे हे मदतीची पानं चाळण्यापेक्षा करूनच पाहा. दोन कच्च्या मेलमध्ये तोच भाग टाका, सेव्ह केलेल्या मूळ भागात एक अक्षर बदला आणि दोन्ही मेल उघडा.

पत्त्याची पट्टी जोडलेली असावी, कार्ड सुटं असावं. गटाचा फोन बदलला की पट्टी एकदाच बदलायची. कार्ड मात्र जोडलेलं ठेवलं आणि या मेलसाठी त्यात दर भरला, तर दुसऱ्या कच्च्या मेलमधलाही दर हलतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या साधनात जोडलेला भागच नसेल, तर एक मेल हमखास विसरला जातो. नवं गिऱ्हाईक नाव नोंदवतं तेव्हा आपोआप जाणारा स्वागताचा मेल. एकदा लावून दिला की पुन्हा कोणी उघडत नाही. फोन, पत्ता बदलला की आधी तिथे जा. गेलेले मेल मात्र गेले, ते मागून दुरुस्त होत नाहीत.

कॅनव्हाबद्दल माझं मत जरा कडक आहे. नावाची पट्टी चित्रात असू द्या, बाकी मजकूर चित्रात नको. बऱ्याच ठिकाणी, विशेषतः ऑफिसच्या मेलमध्ये, चित्रं आधी बंद असतात आणि तुमची हळद म्हणजे एक कोरा चौकोन होऊन राहते. शिवाय चित्रातला दर बदलायला परत कॅनव्हा, परत डाउनलोड, परत अपलोड. त्यात लाइट गेली की झालं! दर राहून जातो तो इथेच. मजकूर थेट मेलमध्ये टाइप करा. नक्षीदार मराठी फॉन्ट मिळणार नाही. जीमेल बाहेरून फॉन्ट ओढत नाही, फोनचंच अक्षर दाखवतं. ते वाचायला चांगलं असतं. चित्रामागे पर्यायी मजकूर, म्हणजे चित्र न दिसल्यास त्या जागी दिसणारे शब्द, लिहून ठेवा आणि पट्टी सेव्ह करा, मग दर वेळी तो लिहावा लागत नाही. मेलची रुंदी साधारण ६०० पिक्सेल धरतात, चित्र १२०० चं करा म्हणजे फोनवर फाटत नाही. पारदर्शक पार्श्वभूमीवर काळी अक्षरं ठेवू नका, डार्क मोडमध्ये गायब होतात.

सेव्ह केलेले भाग हाताशी आले की माणूस सगळेच लावतो. तिथे मराठीची एक वेगळी अडचण आहे. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं. चित्रं त्यात मोजत नाहीत, मजकूर आणि त्यामागचं कोडिंग मोजतात. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक वर्णाला, काना-मात्रेला, हलंतालाही ३. एकट्या ‘महाराष्ट्र’ला ३० बाइट. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुराबरोबर लपलेलं कोडिंग येतं ते वेगळंच. मेल कापला गेला की तळातलं ‘यादीतून नाव काढा’ दिसत नाही, आणि वैतागलेलं गिऱ्हाईक स्पॅमचं बटण दाबतं. रोज ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना गुगलनं, आणि मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना याहूनं, २०२४ मध्ये एका टिचकीत नाव काढायची सोय सक्तीची केली. तुमचा आकडा एवढा नसेल, तरी ही सोय ठेवाच. एका मेलात कार्डं तीन पुरे.

भागांची नावं नीट द्या. ‘न्यू’, ‘न्यू फायनल’ असं चालणार नाही. ‘तळ-पत्ता’, ‘कार्ड-एक-माल’, ‘कार्ड-दोन-माल’ अशी नावं असली की तुम्ही माहेरी गेल्या तरी दुसरीला मेल काढता येईल.

शेजारच्या गटाचं म्हणाल, तर सेव्ह केलेले भाग तुमच्या खात्यात राहतात, आपसूक दुसऱ्या खात्यात जात नाहीत. काही साधनांत टेम्प्लेट बाहेर काढून देता येतं. द्यायचंच तर कार्डं द्या, तळपट्टी देऊ नका. तिच्यात तुमचा पत्ता आणि तुमचा १४ अंकी एफएसएसएआय, म्हणजे अन्न परवान्याचा क्रमांक आहे. वरच्या पट्टीत भौगोलिक मानांकनाचं (जीआय), म्हणजे एखाद्या भागाच्या खास मालाला मिळणारं चिन्ह टाकलं असेल तर तेही काढून द्या. वायगाव हळदीला ते २०१६ साली मिळालं, पण १९९९ च्या कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून ज्यांची नोंदणी झाली त्यांनाच ते वापरता येतं. तुमच्या गटाची नोंदणी झाली आहे ना, तेही कागद काढून एकदा बघून घ्या.