धडधाकट माणसाची तपासणी कशाला?

प्रश्न: डॉक्टर, कोरोनात महापालिकेचं पथक आमच्या साड्यांच्या दुकानात आलं आणि ठणठणीत पोरांच्या नाकात काडी घालून गेलं. यातून मिळालं काय? पुन्हा साथ आली तर परत तेच करायचं?
– एक दुकानदार, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: काका, खरी गोम त्या ठणठणीत पोरांतच होती. ताप आलेला माणूस घरी झोपतो. तुमचा पोरगा मात्र गादीवर बसून, हातभर अंतरावरच्या गिऱ्हाइकाला पदर उलगडून दाखवत दिवसभर बोलतो. लग्नसराईत तर विचारूच नका.

फेब्रुवारी २०२० मध्ये इटलीतल्या व्हो या छोट्या गावात जवळजवळ सगळ्यांची तपासणी झाली. बाधितांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोकांना काहीच त्रास नव्हता! नुसत्या खोकणाऱ्यांना तपासलं असतं तर हे निसटलेच असते.

दुसरं, शंभर तपासण्यांत किती बाधित निघतात, यावरून साथ किती पसरलीय ते कळतं. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं निर्बंध सैल करण्यासाठी, सलग दोन आठवडे ५ टक्क्यांच्या खाली, हा एक निकष सांगितला होता. फक्त आजारीच तपासले तर हा आकडा फुगतो.

अर्थात झटपट निकाल देणाऱ्या अँटिजेन तपासणीतून काही बाधित सुटतात, आणि प्रयोगशाळेत होणाऱ्या आरटी-पीसीआर तपासणीचा अहवाल चार दिवसांनी आला तर तोवर पोरगा गल्लीभर हिंडून येतो.

तेव्हा पुढच्या वेळी पथकाला चहा पाजा आणि बाधित निघालेल्याचा पगार कापू नका. खाडा पडेल या भीतीनंच पोरं मागच्या दारानं पळत होती.