वाचकांचे प्रश्न : एकोणिसावे शतक कुठून वाचावे?

प्रश्न : आनंदीबाई जोशी यांच्या जीवनावरील ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी वाचल्यापासून एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राविषयी वाचण्याची ओढ लागली आहे. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी, आणि कादंबरीतले कितपत खरे मानावे?

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो. श्री. ज. जोशी यांची ही कादंबरी १९६८ सालची, तर आनंदीबाईंचे निधन १८८७ साली झाले. घटनांचा सांगाडा खरा असला, तरी पात्रांच्या तोंडची वाक्ये आणि मनातले विचार लेखकाचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. काशीबाई कानिटकर या आनंदीबाईंच्या समकालीन. त्यांनी लिहिलेले आनंदीबाईंचे चरित्र कादंबरीच्या पाठोपाठ वाचले, तर कल्पना कुठे सुरू होते ते आपले आपल्यालाच कळू लागेल.

सुरुवात मात्र मी विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’पासून करायला सांगेन. वरसईचा हा भिक्षुक घरचे कर्ज फेडावे म्हणून दानदक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाला, वाटेत १८५७च्या बंडात सापडला आणि झाशीच्या वेढ्यात शहरातच अडकला. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्याला धुळीने माखलेली, तहानलेली राणी भेटते. तो पाणी काढू लागतो, तेव्हा आपण विद्वान ब्राह्मण आहात, माझ्यासाठी पाणी काढू नका, असे म्हणून ती स्वतःच मडके घेते आणि ओंजळीने पाणी पिते. राणीवर पुढे पुष्कळ लिहिले गेले, पण इतक्या जवळून तिला दाखवणारे पान माझ्या वाचनात दुसरे नाही.

हे पुस्तक घेताना आवृत्ती अवश्य पाहावी. लेखकाने या आठवणी प्रवासानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहून काढल्या. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली त्या प्रसिद्ध केल्या, त्या मजकुरात काटछाट करून आणि भाषेवर हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ साली आली. शक्य असेल तर तीच वाचावी, कारण भटजींची खरी बोली तिच्यात आहे.

त्यानंतर रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हाती घ्यावे. पती शिकवू पाहतात आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्यावरून टोचून बोलतात, या ओढाताणीत दिवस काढणारी मुलगी त्यात भेटते. स्त्रीशिक्षणाच्या चळवळीची किंमत स्वयंपाकघरात आणि माजघरात कोणी चुकवली, हे त्या आठवणींइतके स्पष्ट मला इतरत्र क्वचितच दिसले आहे. अर्थात हे पुस्तक १९१०चे, म्हणजे त्यांचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी आलेले आहे, आणि पत्नीच्या भक्तीने लिहिलेले आहे. म्हणून न. र. फाटक यांनी लिहिलेले रानड्यांचे चरित्र सोबतीला असू द्यावे.

एवढ्यावर थांबलात, तर मात्र ते शतक पुण्यामुंबईच्या पांढरपेशा घरांपुरतेच राहील. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) हे ग्रंथ इतरांनी केलेल्या सारांशातून न वाचता मुळातूनच वाचावेत. ताराबाईंचे पुस्तक छोटे आहे, एका बैठकीत वाचून होते, आणि त्यातला संताप आजही अंगावर येतो. मुंबई शहराबद्दल कुतूहल असेल, तर गोविंद नारायण माडगावकरांचे १८६३ सालचे ‘मुंबईचे वर्णन’ पाहावे. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा दहाच वर्षे झाली होती.

जुन्या मराठीची लांबलचक वाक्ये पहिल्या वीस-पंचवीस पानांत अडवतील. तेव्हा ती मोठ्याने वाचून पाहावीत. विरामचिन्हांनी न उलगडणारा अर्थ आवाजाच्या चढउताराने बहुधा उलगडतो.