क्षारपड रानात कोळंबी होते का?

हो, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूसकडच्या क्षारपड (मातीत क्षार साठलेल्या) रानात तळं काढून व्हेनामी कोळंबी घेता येते, मात्र तळ्यात भरायचं पाणी पुरेसं खारं हवं. हरियाणात रोहतकजवळ लाहली इथे केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या केंद्राने जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर ती वाढवून दाखवली, आणि तिकडचे शेतकरी आता घेतात. खरी अडचण पोटॅशियमची. समुद्राच्या मानाने भूगर्भातल्या खाऱ्या पाण्यात ते बहुधा फारच कमी असतं. वरून पोटॅश दिलं नाही तर कोळंबी कात टाकताना मरते. म्हणून बोअरचं पाणी तपासताना नुसता ईसी (पाण्यात एकूण क्षार किती ते दाखवणारा आकडा) बघून थांबू नका, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम सगळं मागा. आपल्याकडे मेख अशी की कृष्णाकाठची बरीच जमीन उसाला पाणी जास्त झाल्याने आणि निचरा नसल्याने बिघडली आहे. क्षार मातीवर फुललेले दिसतात, पण खालचं पाणी तेवढं खारं निघेलच असं नाही. गोडं निघालं तर कोळंबीचा नाद सोडा आणि सरळ रोहू-कटला टाका. तळ्यातलं खारं पाणी ओढ्यात मात्र सोडू नका, शेजाऱ्याचं रान खराब होईल.