वाचकांचे प्रश्न : ट्राउटसाठी निम्फ आणि मिज कसे निवडावेत?

प्रश्न : एप्रिलमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीवर ट्राउटच्या मासेमारीसाठी जाणार आहोत. गळ टाकण्याचा आमचा अनुभव पवना आणि मुळशी या जलाशयांपुरता आहे. फ्लाय रॉड नुकताच घेतला आहे. फ्लाय (गळावर पिसे, केस, दोरा बांधून केलेली कीटकाची नक्कल) मागवायला बसलो, तर नुसत्या निम्फ आणि मिज या दोन प्रकारांतच शेकडो नावे समोर आली. मोजके कोणते घ्यावेत आणि निवडताना काय पाहावे? — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आधी आकार पाहावा, मग वजन, त्यानंतर रंग आणि सर्वांत शेवटी नाव. दुकानांच्या याद्यांमध्ये हा क्रम नेमका उलटा असतो, म्हणून नवशिक्याची डबी भरते आणि तरीही हवा तो फ्लाय तिच्यात सापडत नाही.

ट्राउटचे बहुतेक खाणे पाण्याखाली चालते. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या कीटकांचे आयुष्य मुख्यतः पाण्यातील दगडगोट्यांखाली जाते आणि पंख फुटण्यापूर्वीची ही जी अवस्था, तिचीच नक्कल म्हणजे निम्फ. तीर्थनसारख्या गोट्यांच्या पात्रात तपकिरी आणि ऑलिव्ह छटेचे, सडपातळ बांध्याचे निम्फ उपयोगी पडतात. फेझंट टेल १४ आणि १६ नंबरमध्ये, हेअर्स इअर १२ आणि १४ नंबरमध्ये आणि स्टोनफ्लायचा एखादा गडद निम्फ १० नंबरमध्ये, एवढ्यावर आपली सहल निभावेल. (गळाचा नंबर जितका मोठा, तितका गळ लहान, हे मागणी नोंदवताना ध्यानात ठेवावे.) फेझंट टेल हा इंग्लंडमधील एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांचा फ्लाय, त्यांनी तो बांधताना दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरली, त्यामुळे वजन आणि चकाकी या दोन्ही गोष्टी एकाच तारेने साधल्या.

वजनाचा विचार मात्र सविस्तर करायला हवा, कारण माझ्या मते निम्म्याहून अधिक अपयश तेथेच असते. एप्रिलमध्ये बर्फ वितळू लागलेले असते, दुपारनंतर पाणी चढते आणि थंड पाण्यातील मासा ओघाशी झुंजत न बसता तळालगत, दगडाच्या आडोशाला थांबतो. रंगात थोडा चुकलेला पण तळाजवळून वाहणारा निम्फ तो घेईल. हुबेहूब रंगाचा परंतु त्याच्या डोक्यावरून वाहून जाणारा निम्फ घेण्यासाठी सहसा वर येणार नाही. म्हणून दहा नमुने घेण्यापेक्षा एकच नमुना दोन-तीन वजनांत घ्यावा : एक बिनमण्याचा, एक डोक्याशी पितळी मणी असलेला आणि एक टंगस्टनच्या मण्याचा. टंगस्टनची घनता पितळेच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे तेवढ्याच आकाराचा मणी फ्लायला कितीतरी लवकर खाली नेतो. खळाळात टंगस्टन आणि गुडघाभर संथ पाण्यात बिनमण्याचा, असा साधा हिशेब ठेवावा. फ्लाय अधूनमधून तळाला घासत असेल तर वजन योग्य आहे. कधीच घासत नसेल तर वाढवावे, आणि दर खेपेला दगडात अडकत असेल तर कमी करावे.

मिज म्हणजे कायरोनोमिड कुळातील न चावणारी चिलटे. पुणेकरांना ती अनोळखी नाहीत. मुळा-मुठेच्या काठी संध्याकाळी जे थवे डासांचे म्हणून ओळखले जातात, त्यांतील बरीचशी हीच असतात, आणि मत्स्यालयाच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून मिळणारी लाल अळीसुद्धा याच कुळातील. हिमोग्लोबिनमुळे ती लाल दिसते, यासाठी लाल मिज डबीत असावा. पुढे कोश पृष्ठभागाकडे चढत असताना त्याच्या कातडीखाली वायू साठून तो चमकतो. काळ्या अंगावर चंदेरी तारेचे वेढे आणि चंदेरी मणी असलेला झेब्रा मिज ती चमक दाखवतो. काळा आणि लाल, दोन्ही १८ आणि २० नंबरमध्ये पुरेत. २४ नंबरचे नाजूक मिज पाहून मोह होतो खरा; पण चाळिशीचा चष्मा लागला असेल तर नदीकाठच्या वाऱ्यात त्याच्या नेढ्यात दोरा ओवणे हीच वेगळी तपश्चर्या ठरते.

मिजची जागा डोहात, सकाळच्या नितळ आणि संथ पाण्यात आहे. वेगाच्या धारेत तो एकटा टाकू नये. वजनदार निम्फच्या गळाला सुमारे ४० सेंटिमीटर दोरा बांधून त्याच्या टोकाला मिज लावावा, म्हणजे निम्फ त्याला खाली नेतो. निम्फसाठी ५एक्स आणि मिजसाठी ६एक्स जाडीचा टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा टोकाचा बारीक दोरा, घ्यावा (एक्सचा आकडा जितका मोठा, तितका दोरा बारीक). दोन्ही फ्लाय ओघाच्याच गतीने वाहिले पाहिजेत, कारण दोऱ्याने ओढला जाणारा कीटक माशाला खरा वाटत नाही.

काठावर पोहोचताच गळ बांधण्याची घाई न करता पाण्यातील दोन-चार गोटे उलटून पाहावेत आणि खालच्या अंगाला चहाची गाळणी धरावी. गाळणीत आलेल्या किड्यांच्या लांबीशी फ्लाय जुळवावा, रंग जवळपास असला तरी चालेल, आणि गोटे पुन्हा होते तसे ठेवावेत. हिमाचलात ट्राउटची मासेमारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते. एप्रिलमध्ये ती खुली असली तरी मत्स्यविभागाचा परवाना आधी घ्यावा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकल्यास मासा फारशी इजा न होता परत सोडता येतो.

प्रश्न : हेअर्स इअर घरी बांधण्यासाठी सशाचे केस गावाकडून आणले तर चालतील का? आणि हेच फ्लाय खडकवासल्यात वापरता येतील का? — एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : रानससा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे, त्यामुळे त्याचे केस वापरू नयेत, तयार कृत्रिम डबिंग (फ्लायच्या अंगासाठी दोऱ्यावर पिळायचे तंतू) मिळते आणि त्याने काम तितकेच चांगले होते. खडकवासल्याचे पाणी ट्राउटला मानवणारे नाही, कारण पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की हा मासा त्रासतो. तिलापिया मात्र १२ किंवा १४ नंबरचा निम्फ संथपणे ओढल्यास घेतो. राज्यातील अनेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा गळ टाकण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाकडे परवानगीची चौकशी करावी.