कार्नेट, एफडी आणि परत आलेली गाडी: परभणीच्या भावाला उत्तर

मुंबईहून मोटारसायकल दुबईला पाठवायची, तिथून बोटीने इराण, मग आर्मेनिया, जॉर्जिया आणि तुर्कस्तान करून माघारी, असा बेत इथे ग्रुपवर मांडलेल्या परभणीच्या भावासाठी लिहितोय. तुम्ही विचारलंय तंबूचं आणि टायरचं, त्यावर सगळे तुटून पडलेत. माझं लक्ष गेलं तुमच्या शेवटच्या ओळीकडे: 'कार्नेटसाठी वडिलांची एफडी बँक गॅरंटीला लावतोय, परत आल्यावर सुटतेच ना?'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कार्नेट म्हणजे आयात कर न भरता गाडी तात्पुरती परदेशात नेण्याची वही, आणि ती देणारी संस्था त्या कराची हमी म्हणून बँक गॅरंटी मागते. तर, एफडी सुटते. पण लगेच नाही, आणि आपोआप तर नाहीच नाही. माझी कशी अडकली ते सांगतो, कारण ही ओळ वाचून माझ्या पोटात खड्डा पडला.

आधीच सांगतो, मी एजंट नाही, वकील नाही. नांदेडचा माणूस, गाडी एमएच २६, एवढीच ओळख. नियम बदलत असतात, आणि इराणचं तर काल होतं ते आज नसतं. निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना स्वतः वाचा, माझ्या भरवशावर राहू नका. आरटीओचं गाडी चालवण्याचं आंतरराष्ट्रीय परमिट (फॉर्म ४-अ, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष), आरसी स्वतःच्या नावावर, कर्जाची गाडी असेल तर बँकेची एनओसी, मागे 'आयएनडी'चं लंबगोल स्टिकर, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार. त्यात वेळ घालवत नाही.

कार्नेटच्या पानाला तीन भाग असतात, हे नीट बघून घ्या. देशात शिरताना एक भाग फाडून कस्टम्स ठेवतं, निघताना दुसरा फाडतं, आणि तिसरा तुमच्या वहीत राहतो. त्या राहिलेल्या भागावर शिरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही शिक्के लागतात. निघाल्याचा नसला तर कागदोपत्री तुमची गाडी त्या देशातच विकली गेली असं धरतात. मग तो देश आयात कर मागतो कार्नेट देणाऱ्या संस्थेकडे, आणि संस्था हात घालते तुमच्या गॅरंटीत. गॅरंटीची रक्कम गाडीच्या किमतीवर आणि कोणकोणत्या देशांत जाणार यावर ठरते. यादीत इराण किंवा इजिप्त आला की ती फुगते. तुम्ही तुर्कस्तानातून बाझरगानच्या चौकीमार्गे पुन्हा इराणात येणार, म्हणजे इराणची दोन पानं लागतील. पानं मोजून कार्नेट घ्या.

माझ्या वहीत शिक्का होता. मीच खिडकीवर उभा राहून मारून घेतला होता. कोणता देश, कोणती चौकी ते सांगत नाही. पण पॅड वाळलेलं होतं, तारखेच्या जागी नुसता निळा डाग उठला. साहेबांना म्हटलं पुन्हा मारा, ते म्हणाले एका पानावर एकच, आणि खिडकी लावून जेवायला गेले. परत आल्यावर संस्थेचं पत्र आलं: अमुक पानावरची तारीख वाचता येत नाही, तरी कार्नेटच्या शेवटच्या पानावरचं सर्टिफिकेट ऑफ लोकेशन भरून आणावं. म्हणजे गाडी आज भारतात आहे, अमुक चेसिस नंबर, अमुक इंजिन नंबर, हे अधिकाऱ्याने डोळ्यांनी बघून लिहून द्यायचं. कस्टम्स, पोलीस, वकिलात, असं कोणीही सरकारी चालतं. संस्थेची तक्रार नाही, त्यांनी पत्रात सगळं स्पष्ट लिहिलं होतं. मला वाटलं एका सकाळचं काम आहे.

इथून पुढे जे झालं त्याचा खर्च बोटीच्या भाड्यापेक्षा जास्त पडला. कारण गॅरंटी जिवंत आहे तोवर बँक कमिशन घेत राहते, मुदत संपली की वाढवून मागते, आणि एफडीला हात लावता येत नाही. आमच्या घरी त्याच पैशावर पेरणीचा हिशोब बसवलेला होता. पुढचं तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही सोयाबीनवालेच असाल.

एका सरकारी कार्यालयात गेलो. नाव घेत नाही, जिल्हाही नाही. टपाल टेबलवरच्या बाबूने कार्नेट उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, हे आमच्याकडचं पुस्तक नाही. मराठीत अर्ज द्या. दिला. आवक क्रमांक मागितला तर म्हणे साध्या अर्जाला लागत नाही. पुढच्या खेपेला तो अर्जच सापडेना. दुसरा दिला. त्यावर उत्तर आलं की सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने वरिष्ठ कार्यालयाकडून मार्गदर्शन मागविण्यात आले आहे. ज्यांनी सरकारी पत्रव्यवहार केलाय त्यांना या वाक्याचा अर्थ माहीत आहे. मग मार्च एंड, मग निवडणुकीची ड्युटी, मग साहेबांची बदली. नवे साहेब आले, त्यांनी फाइल पहिल्यापासून वाचली आणि विचारलं, 'गाडी परदेशात गेली म्हणता, मग इथे आहे कशावरून?' मी म्हटलं, साहेब, खाली लिंबाखाली उभी आहे, खिडकीतून दिसते. त्यांनी खिडकीकडे बघितलं नाही. 'तसं लेखी पाहिजे,' म्हणाले. अहो, तेच लेखी तर मी तुमच्याकडे मागतोय!

असो. राग अजून जात नाही.

मार्ग दाखवला तो आमच्या गल्लीतल्या निवृत्त हेडक्लार्क काकांनी. त्यांचं म्हणणं असं की, परदेशी फॉर्म पुढे ठेवून सही मागितली की कोणताही अधिकारी हात मागे घेतो, कारण आधी कोणी केलेली नसते आणि उद्या विचारणा झाली तर दाखवायला नियम नसतो. त्यापेक्षा त्याला रोजचं काम सांगा. 'माझ्या वाहनाची प्रत्यक्ष पाहणी करून चेसिस व इंजिन क्रमांक पडताळून मिळावेत', एवढाच अर्ज. चोरीची गाडी सापडली, अपघाताची गाडी आणली, जुनी गाडी विकली, म्हणून हे काम रोजच कुठे ना कुठे चालू असतं. सोबत आरसीची झेरॉक्स, चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा, चारी बाजूंनी फोटो, पासपोर्टवरचा भारतात परतल्याचा शिक्का आणि संस्थेचं पत्र. पाहणी झाली, नोंद पडली, की मगच कार्नेटचं पान पुढे करायचं: 'साहेब, आत्ता जे बघितलं तेच इथे लिहायचं आहे.'

मी कार्यालय बदललं, काकांनी सांगितलं तसाच अर्ज दिला, आणि तिथल्या अधिकाऱ्याने स्वतः खाली येऊन बॅटरीच्या उजेडात नंबर वाचला. चहा पाजून पाठवलं. म्हणजे माणसं वाईट नसतात, हेही लिहायला पाहिजे. पण त्यातही एक गोची झाली: सहीखालचा गोल शिक्का मराठीत होता. संस्थेने कळवलं की अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि कार्यालय इंग्रजीतही पाहिजे. पुन्हा खेप. तुम्ही पहिल्याच दिवशी नाव आणि हुद्दा इंग्रजीत हाताने लिहून घ्या.

हे सगळं टाळता येतं का? बरंचसं. माझं मत विचाराल तर प्रत्येक चौकीवर खिडकी सोडण्याआधी आपल्याकडे राहिलेल्या भागाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि तो मोठा करून तारीख वाचा. खिशात शाईचं छोटं पॅड ठेवा. काही अधिकाऱ्यांना ते अपमानास्पद वाटतं, तेव्हा हसून, 'तुमचं वाळलेलं दिसतंय' अशा सुरात द्या. दुसरं म्हणजे पुढच्या देशाचे कागद. आर्मेनिया आणि जॉर्जियात कार्नेट लागत नाही, ते सीमेवरच गाडीची तात्पुरती नोंद करतात. इराणची नोर्दूझ चौकी ओलांडून आर्मेनियात आलात की मिळणारा तो कागद बहुतेक लोक येरेवानच्या हॉटेलात टाकून येतात. टाकू नका. गाडी त्या तारखेला इराणबाहेर होती याचा तोच पुरावा. बोटीचं तिकीट, सीमेवरच्या विम्याची पावती, निघाल्या दिवशीची पेट्रोलची पावती, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. थर्मल पावत्या उन्हात कोऱ्या होतात, त्यांचे फोटो त्याच रात्री काढा.

आणि वडिलांची एफडी लावू नका. हे आगाऊपणाचं वाटेल, पण लावू नका. स्वतःचे पैसे साठवून वर्षभराने निघा. लावायचीच असेल तर कार्नेटची एक वर्षाची मुदत धरा, त्यावर आणखी वर्षभर ते पैसे घरात नाहीतच असं समजा आणि तसं वडिलांना तोंडावर सांगा. मुदत वाचवायची म्हणून कार्नेट निघण्याच्या तोंडावर घ्या, हौसेने सहा महिने आधी काढून ठेवू नका.

मार्गाबद्दल थोडं. युरोपियन लोकांचे व्हिडिओ बघून आखणी करू नका, त्यांचा पासपोर्ट वेगळा आहे. इराणने २०२४ मध्ये भारतीयांना १५ दिवसांची व्हिसामाफी दिली तेव्हा इथे पुष्कळांनी उड्या मारल्या, पण ती फक्त विमानाने येणाऱ्यांना होती. बोटीने किंवा रस्त्याने येणाऱ्याला तिचा काही उपयोग नव्हता. नकाशावर अझरबैजान जवळ दिसतो म्हणून त्यात घुसवू नका, त्यांच्या जमिनीवरच्या सीमा २०२० पासून प्रवाशांना बंद आहेत. आर्मेनिया आणि तुर्कस्तान शेजारी असले तरी त्यांची सीमाही बंद, म्हणून जॉर्जियातून वळसा घ्यावाच लागतो. इराणात आपलं एटीएम कार्ड चालत नाही, पूर्ण मुक्कामाचे डॉलर किंवा युरो रोख न्यावे लागतात.

बोटीने पाठवताना गाडी ज्या पेटीत बांधतात, त्या पेटीचं लाकूड उष्णता दिलेलं आणि तसा शिक्का असलेलं घ्या, नाहीतर पलीकडच्या बंदरात अडतं. पुढचं चाक आणि हँडल काढलं की पेटी लहान होते, आणि भाडं आकारमानावर असतं. इथला एजंट जो आकडा सांगतो तो अर्धाच समजा. पलीकडच्या बंदरातले हाताळणीचे पैसे वेगळे, ते लेखी मागा.

खाण्याचं कोणी विचारलं नाही तरी सांगतो. येसर (भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसालेदार पीठ) न्या. गरम पाण्यात टाकलं, मीठ घातलं, की आमटी तयार, सोबत कडक भाकरी. विकतची सुपाची पाकिटं त्यापुढे काहीच नाहीत. मात्र काळा मसाला घरून बांधून नेत असाल तर त्यात खसखस आहे का ते आईला विचारा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, तिथे 'घरचा मसाला आहे हो' कोणी ऐकून घेत नाही. कोडीनवाली खोकल्याची औषधं आणि ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळीही घरीच ठेवा, जॉर्जियातसुद्धा त्याबाबत कडक आहेत. नांदेडकर म्हणून आणखी एक: तेहरानमध्ये जुना गुरुद्वारा आहे. आपल्या हुजूर साहिबाचं नाव तिथे काढून बघा, लोक किती आपुलकीने बोलतात ते.

आता तंबू. महागाच्या मागे लागू नका. इराणात घरंच्या घरं शहरातल्या बागेत तंबू ठोकून झोपतात, तिथे साधा तंबूही पुरतो. आर्मेनियात मेघरीची खिंड अडीच हजार मीटरच्या वर आहे, तिथे थंडी तंबूने नाही, खालच्या चटईने अडते. पैसे चटईत घाला. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत आणि लहान गावांत मिळत नाहीत, म्हणून पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह बरा, टाकीतूनच भरता येतो. जाण्याआधी येलदरीच्या बाजूला दोन-चार रात्री काढून बघा, मे महिन्यात नको, पहिल्या पावसात. तंबू कुठे गळतो ते तिथेच कळेल.

टायरबद्दल माझं काही मत नाही, मी कंपनीचेच नेले होते.