शेअर्स आणि कंपन्यांच्या बोर्ड गेममध्ये पैशांचा हिशेब कसा ठेवावा?

तुम्ही विचारलंय की चौघं मिळून ‘१८३०’ हा रेल्वे कंपन्यांच्या शेअर्सचा बोर्ड गेम खेळता, कागदी नोटा मोजण्यातच निम्मा वेळ जातो, तर चिप्स घ्याव्यात की लॅपटॉपवर हिशेब मांडावा. माझं स्पष्ट मत: पोकर चिप्स घ्या.

आम्ही नौपाड्यात एका मित्राच्या घरी खेळतो. ठाण्याच्या उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसवत नाही आणि पंखा लावला की नोटा टेबलभर. पावसाळ्यात त्याच नोटा दमट होऊन एकमेकींना चिकटतात, दोन द्यायच्या तिथे तीन जातात.

पण खरं कारण वेगळंच आहे. ‘१८३०’मध्ये कंपनीकडे इंजिन नसेल आणि तिजोरीत पुरेसे पैसेही नसतील, तर तिच्या अध्यक्षाला, म्हणजे तिचे सर्वांत जास्त शेअर्स असलेल्या खेळाडूला, स्वतःच्या खिशातून भर घालावी लागते. त्यामुळे समोरच्याकडे किती रोख आहे, त्याच्या कंपनीत किती आहे, यावर सतत डोळा ठेवावा लागतो. चिप्सची चळत टेबलाच्या पलीकडूनही दिसते. एक्सेलमध्ये ठेवलेला आकडा बँकरलाच, म्हणजे बँक सांभाळणाऱ्या खेळाडूलाच दिसतो, बाकीचे दर वेळी विचारत बसतात. आणि तो बिचारा बँकर खेळण्याऐवजी टाइप करत राहतो.

‘१८३०’ची बँक, म्हणजे खेळातले एकूण पैसे, १२,००० ची असते. ती नेमकी मोजून वेगळी ठेवा, कारण बँक रिकामी झाली की खेळ शेवटाकडे जातो. आमची विभागणी अशी: ५०० च्या १२, १०० च्या ४५, २५ च्या ४८, ५ च्या ४८ आणि १ च्या ६०. एकूण २१३ चिप्स, म्हणजे ३०० चा संच पुरतो. संचात प्रत्येक रंगाच्या किती चिप्स आहेत ते घेण्याआधी बघा, आणि शक्यतो आकडे न छापलेल्या घ्या, म्हणजे दुसऱ्या खेळात रंगांच्या किमती बदलता येतात. कंपनीचे पैसे तिच्या कार्डावरच राहू द्या, हातातल्या पैशांत कधीही मिसळू नका.

लाभांश वाटताना बँकरने मोठ्याने बोलावं: ‘१३० उत्पन्न, शेअरला १३.’ चार शेअर्सवाल्याला ५२, म्हणजे २५ च्या दोन आणि १ च्या दोन. हे दोन-तीन फेऱ्यांत हाताला बसतं.

‘ब्रास: बर्मिंगहॅम’ या बोर्ड गेमलाही चिप्सच बऱ्या. तिथे फेरीत ज्याने सर्वांत कमी खर्च केला तो पुढच्या फेरीत पहिला खेळतो, म्हणून खर्चलेले पैसे आपल्या पात्राच्या टाइलवर सर्वांसमोर ठेवायचे असतात. पैसे झाकून खेळायचे असतील तर मात्र नोटाच सोयीच्या.

लॅपटॉप शेवटच्या हिशेबाला काढा. रोख आणि शेअर्सची किंमत यांची बेरीज तिथे पटकन होते.

एक अडचण आहे, वजन. साडेअकरा ग्रॅमच्या ३०० चिप्स जवळपास साडेतीन किलो भरतात. वाशीला खेळायला जाताना ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत ती पेटी नको होते, म्हणून लागणाऱ्या २१३ च कापडी पिशवीत घालून नेतो.