नवा साधा पियानो घ्यावा की वापरलेला वरच्या दर्जाचा?

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकते. आता तिच्या शिक्षिकांनी ८८ पट्ट्यांचा, सहज हलवता येईल असा डिजिटल पियानो घ्यायला सांगितले आहे. सोलापुरातील एका दुकानात यामाहाचा नवा पी-१४५ पाहिला. जवळजवळ तेवढ्याच किमतीत पुण्यातील एक गृहस्थ आपला तीन वर्षे वापरलेला रोलंडचा एफपी-३०एक्स देण्यास तयार आहेत. दुकानातला पियानो स्पीकरवर बारीक वाटला, हेडफोनवर मात्र भरदार. यातला खरा आवाज कोणता मानावा? मी भजनाला पेटी वाजवतो, पियानो मला येत नाही.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोन्ही आवाज खरेच आहेत, पण ते निरनिराळ्या गोष्टींची साक्ष देतात. खऱ्या पियानोवरून ध्वनिमुद्रित करून वाद्यात साठवलेला सूर कसा आहे हे हेडफोनवर कळते, तर तोच सूर लहान स्पीकरमधून खोलीत कसा पोहोचतो हे स्पीकरवर कळते. पियानोच्या सर्वांत खालच्या पट्टीची मूळ कंपने सेकंदाला २७.५ असतात आणि एवढ्या हलक्या वाद्यात बसणारा स्पीकर ती पुरेशा ताकदीने उमटवू शकत नाही. कान त्या सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या, बारीक उपस्वरांवरून तो सूर ओळखतो, परंतु त्यातले वजन हरवते. पी-१४५ मध्ये प्रत्येक बाजूला ७ वॅटचा स्पीकर आहे, एफपी-३०एक्समध्ये ११ वॅटचा, त्यामुळे घरच्या खोलीत दुसरा अधिक भरीव वाटेल. तरीही स्पीकरची उणीव पुढे बाहेरचा स्पीकर जोडून भरून काढता येते. साठवलेला सूर आणि पट्ट्यांची घडण मात्र बदलता येत नाही. म्हणून पारख आधी हेडफोनवर करावी, आणि एकच हेडफोन दोन्ही ठिकाणी न्यावा.

आपण पेटी वाजवता, त्यामुळे एक फरक आधीच लक्षात घ्यावा. पेटीत हवेचा दाब भाता सांभाळतो आणि पट्टी केवळ वाट मोकळी करते. पट्टी जोरात दाबली म्हणून सूर मोठा होत नाही. पियानोत सारे बोटांच्या वेगावर अवलंबून असते, आणि जोर वाढला की आवाज नुसता मोठा होत नाही, तो अधिक उजळ व धारदारही होतो. मधली एकच पट्टी अगदी हळुवारपणे वाजवण्यास सुरुवात करून क्रमाक्रमाने जोर वाढवत न्यावा. आवाजाचा रंग सावकाश बदलत गेला तर ध्वनिमुद्रण चांगले. एका टप्प्यावर एकदम दुसरेच वाद्य वाजल्यासारखे झाले, किंवा केवळ आवाजच वाढला, तर ते बेताचे. माझ्या मते पारखीची याहून मोलाची कसोटी नाही, आणि त्यासाठी पियानो यावा लागत नाही.

त्यानंतर खर्जाची एक पट्टी दाबून धरून सूर पूर्ण विरेपर्यंत ऐकावा. खऱ्या पियानोत तो विरताना गडद होत जातो. स्वस्त ध्वनिमुद्रणात काही क्षणांनी ध्वनीचा एकच तुकडा फिरत राहिल्याचे जाणवते. लागोपाठच्या पट्ट्या समान जोराने वाजवत गेल्यास एखाद्या जागी सुराचा पोत अचानक बदलतो का, हेही ऐकावे. हे सर्व करताना रिव्हर्ब बंद ठेवावा, कारण सभागृहाचा कृत्रिम घुमारा पुष्कळ दोष झाकतो. वाद्यात भरलेल्या नमुना धुनांवरून मत बनवू नये. दोन वाद्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण जे थोडे मोठ्याने वाजते तेच कानाला सरस वाटते.

एका वेळी किती सूर वाजू शकतात हा आकडा पी-१४५ मध्ये ६४ आणि एफपी-३०एक्समध्ये २५६ आहे. आपल्या मुलीच्या सध्याच्या धड्यांना ६४ पुरतात. सूर लांबवणारे पायाचे पेडल दाबून ठेवून लांब, दाट रचना वाजवू लागल्यावर मात्र ६४ अपुरे पडून आधीचे सूर मध्येच तुटू शकतात. किती वाद्यांचे आवाज दिले आहेत, याला मी जवळजवळ शून्य किंमत देतो.

किमतीचा विचार करता माझा कल एफपी-३०एक्सकडे आहे, कारण त्याच्या प्रत्येक पट्टीखाली तिची हालचाल टिपणारे तीन सेन्सर असून एकच सूर भराभर वाजवताना ते उपयोगी पडतात. मात्र अट अशी की, पुण्याला जाऊन आपण सर्व ८८ पट्ट्या एकेक करून हळू वाजवून पाहाव्यात. एखादी पट्टी मध्येच मोठ्याने बोलत असेल, मुकी राहत असेल किंवा लाकडावर आपटल्यासारखी खटखटत असेल, तर पट्ट्यांखालचे रबरी कॉन्टॅक्ट किंवा फेल्ट (आघात झेलणारा मऊ कापडी थर) झिजले असण्याची शक्यता असते. अशा वेळी दुरुस्तीचा खर्च आणि सोलापुराहून वाद्य नेण्या-आणण्याची यातायात धरून हिशेब करावा, आणि तो जमत नसेल तर हमीसह मिळणारा नवा पी-१४५ निःशंकपणे घ्यावा. मूळ अॅडॉप्टर, हेडफोनची जागा आणि पेडलची जागाही तपासावी. न हलणारे स्टँड आणि योग्य उंचीचे बाक यांचा खर्च किमतीत आधीच मिळवावा. शेवटचा निर्णय मुलीला दोन्ही वाद्यांवर तिचा रोजचा धडा वाजवू देऊन, शक्य असल्यास शिक्षिकांसमोर, घ्यावा.

प्रश्न : सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. डिजिटल पियानोला त्याचा त्रास होतो का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : तारांच्या पियानोचे लाकूड कोरड्या हवेत आकसते आणि सूर उतरतात, डिजिटल वाद्याला हा धोका नाही. तरी ते पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवू नये आणि उन्हात उभ्या बंद मोटारीत तर मुळीच सोडू नये. आपल्याकडची धूळ पट्ट्यांच्या फटींतून आत जाते, म्हणून वाजवून झाल्यावर सुती कापड झाकावे. वळवाच्या पावसात विजा कडकडू लागल्या की अॅडॉप्टर भिंतीतून काढून ठेवावा.